सिस्टरांचा शनिवारचा उपक्रम

किस्से गोळा करायला आम्हाला कधी कष्टच पडले नाहीत. सोमवारी प्रार्थना संपली की ते आपल्या पायांनी वर्गात चालत यायचे!

नव्वदनंतरची ही वर्षं. कोल्हापुरातल्या एका कॉन्व्हेंटच्या मराठी शाखेत मी दुसरीला शिकवत होते. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना, मूळच्या मंगळूरच्या. त्यांचं एकच म्हणणं, "वाचायचं ते इकडे. घरी जाऊन मुलांनी काहीतरी करून बघायचं!" म्हणून दर शनिवारी एक उपक्रम मुलांबरोबर घरी जायचा. सोमवारी काय परत येईल, त्याचा नेम नाही!

*

पहिलाच उपक्रम होता, मटकी भिजवा, फडक्यात बांधा आणि मोड आणून दाखवा. सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या. ओंकार मात्र हात हलवत आला.

"मोड आलेच नाहीत का रे?"

"आलते की टीचर! हे एवढे लांब आलते!"

"मग कुठायत?"

"पप्पांनी मिसळ केली!"

मधल्या सुट्टीत त्याची आई डबा घेऊन फाटकाशी हजर. "बाई, प्रयोग लई झकास झालाय. खाऊन तर बघा!" सिस्टरांनी चमचाभर कट घेतला, डोळे पुसले आणि कशाबशा म्हणाल्या, "फुल मार्क!"

*

मग आला 'घरातल्या वस्तू वितीनं मोजा'. कुणी दार मोजलं, कुणी टेबल. आणि रेश्माचे आजोबा तावातावानं ऑफिसात!

"सिष्टर, अभ्यास द्या, पर म्हशीला त्यातनं वगळा! पोरगी दोन दिस तिला वितीनं मोजतीया. म्हैस दूध द्यायना झालीया!"

रेश्माला बोलावलं. "एकदा मोजलंस ना? मग परत परत कशाला?"

"दर वेळी वेगळंच येतंय टीचर. ती श्वास घेती की!"

*

'शाळा ते घर नकाशा काढा' हा सिस्टरांचा लाडका. सादिक तापानं घरी होता, तेव्हा त्याचाच नकाशा घेऊन आम्ही दोघी त्याला बघायला निघालो. पिठाची गिरणी सापडली, हापसा सापडला. पुढं लिहिलेलं, 'काळ्या कुत्र्यापाशी डावीकडे.' कुत्र्याचा पत्ताच नाही! गल्लीत तीच तीच दारं बघून आम्ही घामाघूम. शेवटी सादिकनंच आम्हाला खिडकीतून बघितलं आणि हाका मारल्या.

"अरे, तुझं कुत्रं कुठंय?"

"जेवायला गेलतं! थांबायचं की जरा!"

*

पण सगळ्यात गाजला तो 'थँक यू'. घरातल्या एकाला कशाबद्दल तरी थँक यू म्हणायचं आणि पुढं काय झालं ते वर्गात सांगायचं. सोमवारी जिकडं तिकडं हात वर!

"आई म्हणाली, काय फोडलंस?"

"आजी म्हणाली, ताप-बिप आलाय काय?"

"दादा म्हणाला, परत म्हण, परत म्हण!"

हसून हसून वर्ग आडवा. एवढ्यात श्वेता उभी राहिली. तिची आई दिवाळीपासून गारगोटीला, माहेरी. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. सकाळी तिच्या वेण्या पप्पाच घालायचे, एक कानावर, एक मानेवर.

"मी पप्पांना म्हटलं. वेण्या घालतात म्हणून."

"मग? काय म्हणाले?"

"कंगवा खाली ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली."

"कुठं गेले गं?"

"गारगोटीला! मला पुढं बसवून!"

मला पुढचं विचारवेना आणि विचारल्याशिवाय राहवेना.

"आणि आई काय म्हणाली?"

"आई दारातनंच पप्पांवर ओरडली, 'असल्या वेण्या घालून शाळेत पाठवता व्हय हो पोरीला?'"