भोकरदन तालुक्यातला मालढोक

"साहेब, आमच्या गावाचं नाव कुठंय?"

खरात गुरुजींनी आमचं बुलेटिन माझ्या टेबलावर आपटलं. सायक्लोस्टाईलची शाई इतकी कच्ची, की त्यांची बोटं निळी झाली होती. एसटीनं भोकरदनकडून नवीन जालन्याला आलेले, तहानलेले आणि भयंकर चिडलेले. मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना हा तेव्हा जिल्हाही नव्हता. स्टेशनजवळ एका बियाण्याच्या दुकानावर आमच्या वन्यजीव केंद्राच्या दोन खोल्या होत्या. काम सोपं. आसपासच्या तालुक्यांतले शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन आम्हाला पोस्टकार्डं पाठवायचे. कुणाला लांडगा दिसला, कुणाला काळवीट, कुणाला शहागडच्या पुलाखाली पाणमांजर. काय दिसलं, कुठे, कधी आणि कुणाला, या चार गोष्टी असल्या की आमच्या भाषेत ती 'नोंद' झाली. मी नोंदी तपासायचो, तालुकावार लावायचो आणि दर तिमाहीला बुलेटिन काढून त्यांना आणि वर्गणीदारांना पाठवायचो. पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव छापून यायचं. मानधन वगैरे काही नाही. छापलेलं नाव हीच कमाई.

गुरुजी आमचे सगळ्यात इमानी माणूस. साधी टिटवी दिसली तरी कार्ड; पण असल्या नेहमीच्या पक्ष्यांच्या नोंदी आम्ही छापत नसू. आणि त्या पावसाळ्यात त्यांचं कार्ड आलं, की गावच्या गायरानात मालढोकाची मादी अंड्यावर बसली आहे.

मालढोक म्हणजे माणसाच्या कमरेएवढा उंच, गवताळ माळावर राहणारा पक्षी. घरटं वगैरे बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि बसतो. मी गुरुजींबरोबर जाऊन लांबून बघून आलो. मान वर करून मादी आमच्याकडे बघत होती. परत येताना आम्हा दोघांना फार आनंद झाला होता.

मग बुलेटिनची वेळ आली आणि मी ती नोंद बाजूला काढून ठेवली. आमचं बुलेटिन घेणाऱ्यांत बंदुकीचे शौकीनही होते. शिकारबंदीचा कायदा नुकताच झाला होता, पण कायदा दिल्लीत आणि जीप इथे. मी आमच्या केंद्राचे प्रमुख वैद्यसाहेब यांना म्हणालो, "या नोंदीत गुरुजींचं नाव नको, गावही नको. नुसतं 'भोकरदन तालुका' छापू."

साहेब शिस्तीचे. "शेळके, ठिकाण नसलेली नोंद म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. उद्या कोणी विचारलं तर?"

"गावाचं नाव आपल्या कपाटात राहील की, सर."

"करा. पण तक्रार आली तर उत्तर तुम्ही द्यायचं."

पहिली तक्रार गुरुजींचीच आली. मी त्यांना कारण सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, पण राग काही उतरेना.

"साहेब, आमच्या गावाचं नाव आजवर कुठंच छापून आलं न्हाई. ना पेपरात, ना नकाशात बराबर. मी अख्ख्या गावाला सांगून बसलो. आमच्या वस्तीतले, पाटलाच्या वाड्यातले, समदे वाट पाहून राह्यले. आता काय सांगू त्यांना?"

ते पाणी न पिताच गेले. मला फार वाईट वाटलं. अंडं वाचवायच्या नादात आपण माणूस गमावला, असं वाटलं.

दोनेक आठवड्यांनी वैद्यसाहेबांनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात एक टाईप केलेलं पत्र होतं. औरंगाबादचे एक कंत्राटदार, आमचे वर्गणीदार. त्यांनी लिहिलं होतं, की तुमच्या बुलेटिनवर विसंबून आम्ही मित्रमंडळींसह भोकरदन तालुका पालथा घातला. मालढोक सोडा, त्याचं पीसही नाही. स्थानिक शिक्षकांनीच नोंद चुकीची असल्याचं सांगितलं. पेट्रोल फुकट गेलं.

"शेळके, हे काय?"

मलाही काही कळेना. दुसऱ्या दिवशी मी एसटी पकडली.

गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसले होते. मला बघून गालात हसले. म्हणाले, "चतुर्थीला राजूरला गणपतीच्या गर्दीत गेल्तो. हाटेलात बसलो, तर जीपवाले आल्ते. बंदुका पोत्याखाली. मला टोपीत पाहिलं आन् इचारलं, गुरुजी, मालढोक कोन्या गावात हाय?"

"मग?"

"मंग काय! म्हणलं, मालढोक? इकडं? बिलकुल न्हाई. ते जालन्याचे लोक हाफिसात बसून कायबी छापत्यात. त्यांना कोंबडी आन् मालढोक सारखाच." गुरुजी आता खदखदून हसायला लागले. "म्हणलं, खरा पाह्यचा तर जल्दी शहागडकडं जा. गोदावरीच्या अंगाला."

शहागड म्हणजे अगदी दुसरं टोक. पेट्रोल का फुकट गेलं ते कळलं.

"आणि गावचे लोक? जीप गावात आली असती तर?"

गुरुजी गंभीर झाले. "आल्ती ना. समद्यांनी तेच सांगितलं. त्या दिवशी मला कळलं साहेब, तुम्ही नाव का गाळलं ते. आन् पिल्लू निघालंय. चला, दाखवतो."

वैद्यसाहेबांना मी काय उत्तर दिलं? 'नोंदीची फेरतपासणी केली, नोंद बरोबर आहे' एवढंच. कंत्राटदारांनी वर्गणी बंद केली. आमच्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

गुरुजींची कार्डं पुन्हा सुरू झाली, ती निवृत्तीपर्यंत. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते एकदा ऑफिसात आले. थकले होते. पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, आता छापा आमच्या गावाचं नाव."

मी आनंदानं पेन उचललं. "का हो, आता एकदम?"

"गायरान नांगरून टाकलं समदं. लई पावसाळे झाले, एकबी दिसला न्हाई. आता कोन येनार हाय मारायला?"

मी पेन खाली ठेवलं. ते नाव छापलं असतं, तर मालढोक परत येणार नाही हे आम्ही दोघांनी कबूल केल्यासारखं झालं असतं. गुरुजींनीही मग आग्रह केला नाही. आम्ही चहा प्यालो आणि मी त्यांना एसटीत बसवून दिलं.

नोंदीत काय लिहायचं ते मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. काय लिहायचं नाही, ते गुरुजींबरोबर शिकलो. ते आता नाहीत. केंद्रही बंद पडलं. हे लिहिताना त्यांच्या गावाचं नाव दोनदा पेनाच्या टोकाशी आलं, आणि मी दोन्ही वेळा 'भोकरदन तालुका' असंच लिहिलं. न जाणो, एखादा मालढोक वाट चुकून आलाच तर.