मागच्या रांगेतला सूर

जपानच्या दौऱ्यात मी साउंड सांभाळत होतो आणि माझा एक मित्र कोरसमध्ये गात होता. तिथे ट्रेनमध्ये आवाज करायचा नसतो, म्हणून तो ओठ मिटून, गुडघ्यावर ठेका धरून रियाज करायचा.

ओसाकाच्या कार्यक्रमात मुख्य गायकांचा घसा बसला होता. वरच्या सुरापाशी त्यांचा आवाज विरला, तेव्हा याने मान खाली घालून तो सूर मागून पूर्ण केला. आवाज कुणाचा, हे फक्त मला हेडफोनमध्ये कळलं. टाळ्या गायकांना मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी टोकियोच्या कार्यक्रमाआधी गायक बसक्याच आवाजात म्हणाले, "काल काय सूर लागला माझा! आज एक पट्टी चढवू या."

"लागला खरा, दादा," तो म्हणाला. "पण आज एक पट्टी उतरवू या. म्हणजे लोकांनाही सोबत गाता येईल."