कीली ही कीलीच आहे, हे सांगणारा लायक माणूस

मला माशांची किळस येत नाही. एकेचाळीस वर्षं मी इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या गोदीवर हॅडक मासे कापतेय. आतडी, खवले, रक्त सगळं हातावर वाळतं, ते धुते आणि घरी येऊन चहा करते. मला किळस येते ती गोडगोड बोलण्याची. "छे छे, काही हरकत नाही." "उगाच तुम्हाला त्रास नको." आमच्या शेजारची कीली ब्लँचर्ड या दोन वाक्यांवरच वाढली. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला, तर सॉरी हीच म्हणणार. मी डोळ्यांनी पाहिलंय.

कीली अठरा वर्षांची. आई घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या अंघोळी घालते, आणि बाप कुठे आहे ते त्या बापालाच ठाऊक. घरात दोन धाकटे भाऊ आणि एकच टेबल, म्हणून पोरगी माझ्या स्वयंपाकघरात अभ्यासाला यायची. सप्टेंबरात ती लीड्सला युनिव्हर्सिटीत जाणार होती. त्याआधी, परीक्षा संपल्यावर, तीन मैत्रिणींबरोबर महिनाभर युरोप. रेल्वेचा एक पास, पाठीवर एक बोचकं, आणि मिळेल तिथे झोपायचं. कॉलेजातली निम्मी पोरं जातात. आमच्या गल्लीतून कुणी गेलेलं मला आठवत नाही.

जानेवारीपासून माझ्या टेबलावर नकाशा पसरलेला. मीठ-मिरी खिडकीत गेली, मी मांडीवर ताट घेऊन जेवायला लागले. हल बंदरातून रात्रीची बोट, सकाळी रॉटरडॅम. मग कोलोन, प्राग, बुडापेस्ट, ल्युब्लियाना. कुठली गाडी रात्रीची आहे, म्हणजे झोपायचे पैसे वाचतात. कुठल्या गावात नळाचं पाणी पिता येतं. कुठल्या हॉस्टेलात एका खोलीत आठ कॉट आणि कुठे बारा, सगळं तिला तोंडपाठ.

"बारा जणांचे मोजे एका खोलीत?" मी म्हटलं. "शी!"

"लोरेन आंटी, तू दिवसभर माशांची आतडी काढतेस!"

"मासे मेलेले असतात, बाई."

बाकीच्या तिघी काय करत होत्या? फोनवर लाल बदाम पाठवत होत्या. त्यांची म्होरकी इमोजेन, डॉक्टरची मुलगी. 'कीली, तू म्हणजे देवदूत आहेस!' असं रोज एकदा यायचं. देवदूताने सगळी हॉस्टेलं शोधली, सगळ्या कॉट स्वतःच्या नावावर ठरवल्या, आणि 'तुला त्रास तर नाही ना होत?' याला उत्तर दिलं, छे छे.

मार्चमध्ये कळलं की देवदूताकडे पासपोर्टच नाही. कधी काढलाच नव्हता. काढणार कशाला, शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या चौपाटीवर जायला?

आता पहिला पासपोर्ट काढायचा, तर हा फोटो याच मुलीचा आहे असं कुणीतरी सरकारला सांगावं लागतं. तो माणूस नात्यातला नको, दोन वर्षांची ओळख हवी, त्याच्याकडे स्वतःचा चालू पासपोर्ट हवा.

"मी तुला चार तासांची असल्यापासून ओळखते," मी म्हटलं. "मीच सांगते. पासपोर्ट तेवढा मला काढावा लागेल."

कीली खाली बघत म्हणाली, "तरी चालणार नाही, आंटी. धंदासुद्धा यादीतला लागतो."

मी यादी वाचली. शिक्षक, वकील, दातांचा डॉक्टर, बँकेतला साहेब, मयताची व्यवस्था करणारा. मासे कापणारी नव्हती, म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारीही नव्हती. या पोरीला मी पोटदुखीत मांडीवर घेऊन बसलेय, आणि ही तीच आहे हे सांगायला मी लायक नाही! मला इतकी शिसारी आली की तो कागद मी सुरीखाली धरणार होते, पण तो तिच्या अर्जाबरोबरचा होता.

कॉलेजातल्या हार्वूड बाईंना तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "अगदी आनंदाने! फक्त मला एकदा आठवण कर हं." एप्रिल गेला. मे उजाडला.

"केलीस का आठवण?"

"एकदा विचारलंय ना. परत विचारलं तर मागे लागल्यासारखं वाटेल."

"अगं, त्यांनीच सांगितलंय आठवण कर म्हणून!"

"हो, पण तसं म्हणतात."

हार्वूड बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. दुसऱ्या शिक्षकांना परीक्षेच्या दिवसांत कसं विचारायचं? इमोजेनचा बाप डॉक्टर, कीलीला चांगला ओळखतो, त्याला विचार म्हटलं तर तोंड लाल. "मग इमोजेनला कळेल ना, मी कधी कुठे गेलेच नाहीये ते." भीड भिकेची बहीण, दुसरं काय. सात आठवडे पोरीने संकोचात घालवले.

यादीत आणखी एक धंदा होता, पबचा परवानेदार. आमच्या कोपऱ्यावरच्या 'ब्लू अँकर'चा रॉय स्टब्ज.

रॉयबद्दल काय सांगू! त्याच्या खांद्यावर एक फडकं असतं. त्यानेच तो टेबलं पुसतो, ग्लास पुसतो, मानेचा घाम पुसतो, आणि सर्दी झाली की त्यानेच नाक. माझ्या नवऱ्याच्या मयताच्या दिवशी याने लोकांना आदल्या रात्रीची सँडविचेस वाढली होती, कडा वाळून वर वळलेली. तेव्हापासून अकरा वर्षं मी त्या दारात पाय ठेवला नव्हता. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी कीलीचं मनगट धरलं आणि भरदुपारी तिला तिथे ओढत नेलं.

"अरेच्चा, लोरेन राणी! वाट चुकलीस काय?"

"राणी म्हणू नकोस. काम आहे. हिच्या पासपोर्टला तू चालतोस."

"मी चालतो? बघ, शेवटी सरकारलाच माझी किंमत कळली!" तो हसला. ते दात पुन्हा बघायची माझी इच्छा नव्हती.

"तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू दे," कीली पुटपुटली. मी तिला कोपराने ढोसलं.

टेबलावर अर्ज उघडला. मुलीची जन्मतारीख?

"सतरा ऑक्टोबर," रॉय कुणालाही न विचारता म्हणाला. "हिच्या आईची पाण्याची पिशवी इथेच फुटली, त्या खिडकीखाली. नवा गालिचा घालावा लागला मला."

मी खिडकीखाली पाहिलं. गालिचा नवा नव्हता. तेव्हा भिजलेला तोच होता. मी दोन पावलं मागे सरकले.

त्याच्या पासपोर्टचा नंबर हवा होता. त्याने गल्ल्याखालून बिस्किटांचा डबा काढला. आत तीन पासपोर्ट, दोन जुने, कोपरे कापलेले, एक नवा. कीलीने ते चाळले. तिन्हींची पानं कोरी.

"तुम्ही कुठेच गेला नाहीत?"

"ग्लेंडाला स्पेनला जायचं होतं. दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ, पब कोण बघणार? मुदत संपली की मी नवा काढायचो, मग ती गप्प बसायची." ग्लेंडा म्हणजे त्याची बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. "हा शेवटचा सवयीने काढला."

आणि त्याच फडक्याने त्याने डोळे पुसले. वाईट वाटावं तर तेही धड वाटू देईना हा माणूस. दहा मिनिटांत काम झालं. बदल्यात त्याने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पहिल्या पासपोर्टला वेळ लागतो. जून गेला. बोट शुक्रवारची होती. तिघी कीलीचा नकाशा, कीलीच्या गाड्यांच्या वेळा, कीलीची यादी घेऊन गेल्या. पासपोर्ट सोमवारी आला. पोस्टमनला पोरीने तरीही थँक यू म्हटलं.

अजून काही बिघडलं नव्हतं. मंगळवारी रात्रीची बोट पकडली, तर गुरुवारी संध्याकाळी प्राग. कीलीने तसं कळवलं. पाचच मिनिटांत इमोजेनचं उत्तर आलं, ते तिने माझ्यापुढे धरलं.

'ओह, बिच्चारी! तुझी इतकी आठवण येतेय! पण अगं, प्रागची तुझी कॉट आम्ही एका मुलाला देऊन टाकली, ट्रेनमध्ये भेटला, इतका गोड आहे ना! तू रागावणार नाहीस ना?' आणि पुढे बदाम. सहा.

गरज सरो, वैद्य मरो. मला ओकारीच यायची बाकी होती. आणि कीलीचा अंगठा काय लिहीत होता? 'छे छे, काही हरकत नाही, मजा करा.'

मी नुकती कामावरून आले होते, हात धुवायचे होते. तसाच हात मी तिच्या फोनवर ठेवला.

"आंटी! शी!"

"हो, शी! मलाही तेच वाटतंय. तुझी किळस येतेय मला, कीली."

तिचे डोळे भरले. मला थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही.

"मी पुढच्या वर्षी जाईन," ती म्हणाली. "खरंच जाईन. पासपोर्ट आहे ना आता."

"रॉयकडेही आहे. तीन आहेत."

तिने तिचा पासपोर्ट उघडला, पानं एकेक करून उलटली, शेवटपर्यंत. मग फोन उचलला, बाहीने माझा मासा पुसला, लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

'कॉट माझ्या नावावर आहे. गुरुवारी संध्याकाळी पोचतेय. त्याला उठवा.'

पाठवलं. मी श्वास सोडते न सोडते तोच तिचा अंगठा पुन्हा सुरू. वाकून बघते तर ही बया 'सॉरी' लिहीत होती.

मी फोन हिसकावला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"बोचकं भर," मी म्हटलं. "फोन उद्या हल बंदरात मिळेल, बोटीच्या शिडीवर."