मुलगी चालत होती याचा पुरावा

दीड वर्षाची मुलगी माझं बोट धरून कर्जतच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली. ट्रिपलच्या लशीचा बूस्टर होता. डॉक्टरांनी कुल्ल्यावर उजवीकडे सुई दिली. ती किंचाळली. खाली उतरवली, तर उजवं पाऊल नुसतं लोंबत होतं.

"दुखतंय म्हणून टेकत नाही. चालेल दोन दिवसांत," डॉक्टर म्हणाले.

महिना गेला. पुण्यात मशीनवर पाय तपासला. तिथले डॉक्टर म्हणाले, सुई नसेला लागलीय.

आम्ही नगरच्या ग्राहक मंचात भरपाईसाठी तक्रार केली. कर्जतच्या डॉक्टरांनी लेखी उत्तर दिलं, की पाय आधीपासूनच अधू होता, आईने मुलीला कडेवर आणलं होतं.

"आधी चालत होती, याला पुरावा काय?" आमच्याच वकिलांनी विचारलं.

"मी सांगते ना."

"तुम्ही आई आहात, ताई. दुसरं कुणी?"

"आख्ख्या गल्लीनं बघितलीय की. लई पळायची," सासूबाई म्हणाल्या. पण गल्लीतलं कुणी साक्षीला येईना. सगळ्यांच्या पोरांना डॉक्टर तेच. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी भांडी घासली, गहू निवडले.

मग ह्यांना आठवलं, सुईच्या आठवडाभर आधी बाजारतळावरच्या स्टुडिओत तिचा फोटो काढला होता. कशालाही न धरता उभी, दोन्ही टाचा टेकलेल्या. फोटोवर तारीख नव्हती. स्टुडिओवाल्या काकांनी निगेटिव्हची वही शोधली, तीत तारीख सापडली.

"माझी नात पण त्याच डॉक्टरांकडं जाती," ते म्हणाले. मग प्रतिज्ञापत्रावर सही केली.

सुनावणीला मंचाच्या अध्यक्षांनी मुलीला चालवून दाखवायला सांगितलं. तेव्हा ती चार वर्षांची होती. गुडघा उंच उचलून, पाऊल आपटत ती टेबलापर्यंत गेली आणि वळून सगळ्यांकडे बघून हसली. बालवाडीत ती अशी चालली की टाळ्या वाजायच्या. इथे कुणी वाजवल्या नाहीत. मीही नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. सुप्याच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेले हे, बाहेरच्या भिंतीला टेकून रडले. मी पदर पुढे केला. मला स्वतःला काही होत नव्हतं. वकील पेढ्यांचं म्हणाले, तेव्हा बरं म्हटलं.

भरपाई आली. पुढे पुण्यात तिच्या पायाचं ऑपरेशन झालं. पाऊल थोडं उचलायला लागलं, पूर्ण नाही. कर्जतचे डॉक्टर रस्त्यात दिसले की नमस्कार करायचे. मी मान हलवायचे आणि भाजी घ्यायला पुढे जायचे.