वाळूवरचा मुसाका

अधारतालच्या आमच्या खोलीत ओव्हन सोडा, फ्रीजही नव्हता. वांगी स्वस्त, म्हणून आठवड्यातून चारदा वांगंच असायचं. आज विजय नगरच्या माझ्या स्वयंपाकघरात तळलेल्या वांग्याचा नि दालचिनीचा वास दरवळला आणि ती भाऊबीज आठवली.

हॉटेल मॅनेजमेंटचं माझं पहिलं वर्ष होतं. "रांधायला कॉलेज काहून लागते?" असं बाबा म्हणायचे. पुढच्या वर्षी पाठवतील की नाही, नक्की नव्हतं. म्हणून मामा जेवायला येणार त्या दिवशी मी कॉलेजात शिकलेला ग्रीक मुसाका केला. वांग्या-बटाट्याचे थर, मधे खिम्याऐवजी टोमॅटोत शिजवलेलं सोयाबीन, वर दुधाचा दाट पांढरा सॉस. जुन्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवला.

तासाभरानं झाकण काढून मी ओवाळणीचं ताट करायला गेले. परत येऊन पाहते, तर आईनं त्या पांढऱ्या सॉसवर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी ओतलेली!

"माझ्या भावाला बिनफोडणीचं वाढू का?" आई म्हणाली. मला रडूच कोसळलं.

"काहून रडून राहिली? वाढ," बाबा म्हणाले. पोळीशी खाल्लं, पुन्हा मागितलं. "वांगंच आहे न हे? अच्छा! कॉलेजात हे शिकवतात? मग पूर्ण कर."

तेव्हा आईचा फार राग आला होता. आता मुसाका ओव्हनमधून काढला की मीच वर फोडणी घालते.

कोर्स मी पूर्ण केला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.