नरोत्तमभाईंची न उडणारी पावडर

नरोत्तमभाई कुठल्याही दारात आले की आधी स्वतःला बडवून घेत. खांद्यावरचा पंचा काढायचा आणि गादी झटकावी तसा छातीवर, पाठीवर, पायांवर सपासप मारायचा. मग कान झटकायचे, मिशा पुसायच्या, "आते चालस" असं स्वतःलाच सांगायचं आणि आत पाऊल टाकायचं. एवढं करूनही ते बसले त्या खुर्चीला आणि प्यायले त्या कपाला सोनेरी चमक लागायचीच.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नोकरी मागायला गेले तेव्हा. नंदुरबारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकून मी लग्नानंतर नवापूरला आले होते. गावाबाहेर रंगात घालायची पावडर तयार करणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथे शिकलेलं माणूस हवंय, असं कुणीतरी सांगितलं. चांगलं दिसावं म्हणून काळा ड्रेस घालून गेले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा सासूबाईंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं की तू नोकरी मागायला गेली होतीस की कुणाच्या वरातीत नाचायला. नोकरी मात्र मिळाली होती.

नरोत्तमभाई मूळचे तापीकाठच्या गुजर शेतकरी घराण्यातले. घरची केळी आणि ऊस भावांवर सोपवून त्यांनी तरुणपण गुजरातेतल्या रंगांच्या कारखान्यांत काढलं आणि मग नवापूरला येऊन स्वतःची शेड टाकली. अभ्रकाचे अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे, त्यांवर रंगद्रव्याचा थर दिलेला. अशी पावडर ते मागवत आणि तिची मिश्रणं करून विकत. गाडीच्या रंगात, लग्नपत्रिकेच्या शाईत, प्लास्टिकच्या बादलीत मोत्यासारखी झळाळी दिसते ती हिच्यामुळे. पोतं उघडलं की ती धुरासारखी उठायची आणि वाऱ्याबरोबर वाटेल तिथे जायची. शेजारी एक पोल्ट्री होती. वारा त्या बाजूला वळला की तिथल्या पांढऱ्या कोंबड्या दुपारच्या उन्हात सोन्याच्या दिसत. पोल्ट्रीवाले भांडायला येत आणि जाताना स्वतःही थोडे चमकून जात.

"रंग डब्बामा ऱ्हावाले पाहिजे, गावमा नही," असं नरोत्तमभाई स्वतःच म्हणत. पण म्हणत आणि पुढचं पोतं उघडत.

या पावडरीने त्यांना खोकला दिला होता, आणि तो खोकला वाक्याच्या नेमक्या शेवटच्या शब्दाआधी यायचा. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, त्यामुळे घोळ व्हायचा. "मी च्या पेस..." म्हणून खोकायला लागत. ती उबळ संपून "...नही" बाहेर पडेपर्यंत चहा समोर आलेला असे. मग आलेला चहा परत कसा पाठवायचा म्हणून ते तो पीत. सुरतेचा एक व्यापारी फोनवर "मी भाव कमी करस..." एवढं ऐकून आभार मानून मोकळा झाला. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

त्यांच्या पत्नी विमलभाभी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या. उंच, ठणठणीत आवाजाच्या, आणि स्वच्छतेच्या बाबतीत कुणाचंही न ऐकणाऱ्या. त्यांच्या घरात पितळेचे डबे आरशासारखे असत. आणि नवरा असा, की तो जेवून उठला की ताटाखालची फरशीसुद्धा लखलखायची. भाकरीचं पीठ भाभी कारखान्याच्या दिशेची खिडकी लावून मळत. तरी एखाद्या दिवशी भाकरीवर चांदणं उतरायचंच. भाभी ते खपवून घेत होत्या. एका प्रसंगाने त्यांचा संयम सुटला.

त्यांच्या नात्यातले एक म्हातारबा वारले. नरोत्तमभाई कारखान्यातून थेट तिथे गेले. दारात स्वतःला नेहमीसारखं झोडपलं आणि पुरुषांमध्ये निंबाखाली जाऊन बसले. फांद्यांमधून ऊन आलं ते नेमकं त्यांच्या तोंडावर. गाल, कपाळ, कानाच्या पाळ्या, सगळं झळकायला लागलं. ते मात्र मान खाली घालून गंभीरपणे गेलेल्या माणसाचे गुण सांगत होते. म्हातारबांची बहीण डोळे पुसत होती, तिची नजर वर गेली. तिला दिसायचं कमी आणि ऐकू यायचं त्याहून कमी, त्यामुळे तिने सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "हाऊ कोणता देव बठेल शे?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांचे खांदे हलत होते. त्यांतलं कोण रडत होतं आणि कोण हसत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, असं भाभींनी मला नंतर सांगितलं. घरी येऊन त्यांनी पिशवी भरली आणि नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली, "जो दिन तुम्हनी पावडर डब्बामा ऱ्हाई, तो दिन माले लेवाले या." आणि दुपारच्या बसने माहेरी गेल्या.

नरोत्तमभाईंना आधी वाटलं की आठवड्यात राग उतरेल. भाभी रोज संध्याकाळी मला फोन करत. पावडरीबद्दल एक शब्द विचारत नसत. "त्यास्ना खोकला कसा शे?" एवढंच. मी सांगे की आहे तसाच आहे. मग फोन केल्याचं त्यांना सांगू नकोस म्हणत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चारचौघांत हसू झालं म्हणून ही बाई माहेरी गेलेली नाही. कित्येक वर्षं सांगूनही जो माणूस डॉक्टरकडे जात नव्हता, त्याला त्यांनी असा पेचात धरला होता.

नरोत्तमभाईंना पेच समजला नाही, पण अट समजली. ते कामाला लागले. मोठ्या कंपन्या अशी पावडर रेझिनमध्ये घोळवून तिचे दाणे करतात, हे त्यांना ठाऊक होतं. रेझिन म्हणजे डिंकासारखा चिकट पदार्थ. तो पापुद्र्यांना धरून ठेवतो, म्हणून दाणा उडत नाही. रंगात किंवा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये पडला की रेझिन विरघळतं आणि पापुद्रे मोकळे होऊन चमकतात. ऐकायला सोपं. आम्ही पहिल्याच खेपेला रेझिन इतकं ओतलं की सगळा माल घमेल्यात गुळाच्या ढेपेसारखा घट्ट झाला. घणाने फोडून काढावा लागला. त्यातला मोठा धोंडा फाटकाबाहेर टाकला, तर दोन दिवसांत त्यावर कुंकू आणि फुलं दिसायला लागली. भाजी विकायला जाणारी एक आजी रोज हात जोडून जात होती. नरोत्तमभाईंनी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की हा देव नाही, बिघडलेला माल आहे. ती म्हणाली की ते तिला माहीत आहे, पण चमकतो ना. धोंडा अजून तिथेच आहे.

दुसऱ्या खेपेचे दाणे छान दिसले, म्हणून नमुना एका बादलीवाल्याकडे पाठवला. दाणे नीट विरघळले नाहीत. त्याच्या निळ्या बादल्यांना गोवर उठल्यासारखे ठिपके आले. तिसऱ्या खेपेला विरघळले, पण चमक मेली होती. नरोत्तमभाई स्वभावाने घाईचे. मिसळायचं यंत्रही ते पूर्ण वेगाने पळवत, आणि त्या वेगात पापुद्रे तुटत होते. तुटका पापुद्रा उजेड परतवत नाही. मी वेग कमी करू म्हटलं की ते म्हणत की इतक्या धीम्या चालीने तर तुझी भाभी म्हातारी होऊन परत येईल. शेवटी एक दिवस थकून त्यांनी स्वतःच वेग निम्म्यावर आणला, रेझिन पातळ करून थोडं थोडं फवारलं आणि शेजारी स्टूल टाकून बसून राहिले. दिवसभर बसले. इतका वेळ एका जागी बसलेले मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी सुकलेले दाणे त्यांनी मुठीत घेतले आणि उघडले. तळहात स्वच्छ होता. एक चिमूट पारदर्शक रंगात ढवळून काचेवर ओढली, तर काच मोराच्या मानेसारखी झळकली. मला वाटलं आता मोठ्याने काही बोलतील. ते हळूच म्हणाले, "चमकणं सोपं शे बेन. चिकटी ऱ्हाणं अवघड शे." आणि खोकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रकाशाला गेलो. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं होतं. भाभींच्या भावाचं घर केळीच्या बागेला लागून. अंगणात सगळं माहेर जमलं होतं. भाभींनी पाणी दिलं, हालहवाल विचारली नाही. आतून एक काळी साडी आणून फरशीवर पसरली. डबा स्वतःच्या हातांनी उघडून सगळे दाणे साडीवर ओतले, पुढेमागे घोळवले, वर तोंड नेऊन जोराने फुंकर घातली. काही उडालं नाही. दाणे गोळा करून साडी उन्हात धरली, उलटी केली, झटकली. साडी काळीच होती. नरोत्तमभाई मिशांत हसायला लागले.

मग भाभींनी जे केलं त्याची कुणालाच अपेक्षा नव्हती. भाऊ, भावजया, घरातली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या देखत त्यांनी नवऱ्याला पाठमोरं उभं केलं, पाठीला कान लावला आणि जोराने श्वास घ्यायला सांगितलं. मोठी भावजय लाजून आत गेली. भाभी बराच वेळ ऐकत राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच ठणठणीत होता.

"पावडर पास शे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नापास."

त्यांनी नवऱ्याला तिथेच ठेवून घेतलं. डॉक्टर, औषधं, वाफारे सगळं सुरू केलं. बिनधुळीची पहिली ऑर्डर मला एकटीने पाठवावी लागली. माल बरोबर गेला. काही आठवड्यांनी दोघं नवापूरला परतली ती भाभींच्या अटी घेऊन. कच्च्या पावडरीची खोली चहूबाजूंनी बंद, धूळ ओढणारा पंखा, आत जाणाऱ्याला तोंडावर मास्क, आणि नरोत्तमभाईंना आत प्रवेशच नाही. स्वतःच्या कारखान्यात आपल्यालाच बंदी, यावर ते चार दिवस कुरकुरले. मग काचेबाहेर खुर्ची टाकून खुणांनी सूचना द्यायला लागले. त्या खुणा कुणाला कळत नसत, त्यामुळे काम उलट सुरळीत चालायचं. वर्षभरात खोकला ओसरला आणि त्यांना चहा नाकारता येऊ लागला.

गेल्या वर्षी कारखाना माझ्या हाती सोपवून ती दोघं प्रकाशाला राहायला गेली. निघण्याच्या थोडं आधी एका बड्या रंग कंपनीची माणसं आमचा माल बघायला आली होती. त्यांच्यातल्या तरुण साहेबाने लॅपटॉप उघडला आणि विचारलं की धूळमुक्त मालाकडे वळताना तुम्ही बाजाराचा काय अभ्यास केला होता, मागणी कशी ओळखली.

मी काहीतरी बरं उत्तर जुळवत होते. नरोत्तमभाईंनी सरळ सांगून टाकलं, "बजार नही साहेब. मन्ही बायको माहेरले चाली गयथी."

साहेब हसला. नरोत्तमभाई हसले नाहीत. विचारलेल्याचं खरं उत्तर त्यांनी दिलं होतं. साहेबाचं हसू हळूहळू मावळलं, आणि तो ते लिहू लागला. चहाचा ट्रे घेऊन भाभी मागेच उभ्या होत्या. त्यांनी पहिला कप साहेबापुढे ठेवला आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"मी परत बी उनी," त्या म्हणाल्या. "ते बी लिखा."