न बिघडलेलं बटण

आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं एक बटण दोन वर्षांपासून बिघडलेलं आहे. ते उत्तम चालतं. बिघडलंय असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि मी शेजारी उभी राहून मान हलवते.

बटण इवलंसं आहे, लेन्सला लागूनच, बोट सहज पोचेल असं. कॅमेऱ्याला डोळा लावला की लेन्स सताड उघडी असते. भरपूर उजेड आत येतो आणि ज्याच्यावर नेम धरलाय तेवढा माणूस स्वच्छ दिसतो. त्याच्या मागचे सगळे धुरकट. पण लेन्सचं भोक आपण लहान ठेवलं असेल, तर प्रत्यक्ष फोटोत मागचेही स्वच्छ येतात. किती मागपर्यंत येतील, ते हे बटण दाबलं की आधीच दिसतं. लेन्स ‘टक’ करून मिटते आणि होणारा फोटो डोळ्यापुढे उभा राहतो. अडचण एवढीच, की भोक लहान झालं की उजेडही आटतो. भर दुपारी एकदम तिन्हीसांज होते.

मी कॉलेजात असताना बाबांनी कारंज्याच्या आमच्या दुकानात मला ते पहिल्यांदा दाबायला लावलं. काळोख झाला तशी मी बोट काढून घेतलं.

“काहून काढलं वं? अंधार झाला म्हून घाबराचं नाही. थांब जराशी. मांगचे येतेत.”

थांबले. डोळा सरावला आणि मागच्या पडद्यावर रंगवलेला धबधबा, त्याची उडालेली पोपडी, कोपऱ्यातली छत्री असं सगळं एकेक करून वर आलं. मला गंमत वाटली. पुढे त्याच दुकानात कायमची राहीन असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी कॅमेरा खाली ठेवून पळाले असते.

आता फोटो काढून लगेच स्क्रीनवर पाहता येतो. बाबांना ते मान्य नाही. “हे म्हंजे आंधी लगन लावाचं अन मंग पोरगी पाहाची,” म्हणतात. गटाचा फोटो ही त्यांची खासियत. मागच्या रांगेतलं पोरगंही त्याच्या आईला ओळखू आलं पाहिजे, ही त्यांची एकच अट, आणि तिच्यापायी ते पोरांना उन्हात ताटकळत ठेवायचे.

ते स्वतः रिठदच्या शाळेत शिकले, म्हणून दहावीच्या निरोपाचा फोटो काढायला शाळा दरवर्षी त्यांनाच बोलावते. दोन वर्षांपूर्वी मीही गेले होते. माझं मन काही तिथे नव्हतं. पुण्यात दागिन्यांचे फोटो काढणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. नवी बॅग आणून मी ती पलंगाखाली ठेवली होती आणि रोज उगाच तिची चेन उघडून बघायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पण बाबा धडधाकट, दुकान चालतंय, जायला हरकत कसली?

पोरं तीन रांगांत उभी राहिली. पुढची बसलेली, मधली उभी, मागची बाकांवर. बाबांनी डोळा लावला, बटण दाबलं. मग डोळा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा दाबलं. पोरं खुसखुसायला लागली. बाबा कॅमेरा हलवून बघायला लागले, जणू आत काहीतरी अडकलंय.

“बटन बिघडलं वाटते,” ते म्हणाले. “दाबलं का निरं काळंच होते. काहीच दिसून नाही राह्यलं. पाह्य बरं तू.”

मी दाबलं. अंधार झाला. थांबले. आणि मागचे आले. बाकांवरच्या मुली आल्या, एकीने दुसरीच्या खांद्यावर ठेवलेला हात आला, भिंतीवरचा अर्धवट पुसलेला सुविचार आला. ऊन एवढं लख्ख होतं, की न दिसायला काही कारणच नव्हतं.

बोट बटणावरून उचलवेना. बोट काढलं की डोळा काढावा लागणार, आणि डोळा काढला की बाबांकडे बघावं लागणार. बाबांचे डोळे गेले, हा विचार दुसरा होता. पहिला होता: माझं पुणं गेलं. हेच खरं आहे, आणि त्याची लाज वाटून घ्यायला मला आता वेळ नाही.

“हो बाबा,” मी म्हणाले. “बिघडलंय.” शाळा ऐकत होती, दुसरं काय म्हणणार? फोटो मीच काढला.

त्या आठवड्यात चष्म्याचा नंबर काढू म्हणून मी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. उजेड कमी झाला की दिसेनासं होतं ते त्यामुळेच. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, त्यासाठी थेंब जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग बाबांकडे बघून म्हणाले, “काका, हे मी तुम्हाला मागेही सांगितलं होतं ना?”

बाबा टेबलावरच्या प्लास्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिले.

स्टँडवर कारंज्याची गाडी लागायची होती. मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. “माहीत होतं तुम्हाला? मग मला काहून नाही सांगितलं?”

“तू पुण्याले गेल्यावर सांगणार होतो,” ते म्हणाले. “येवढा फोटो निभला असता त झालं असतं. तो काही निभला नाही.” आणि मग, “तू जाय. माह्यं होते कसंबी.”

मी बाकावर बसून रडले, आणि ते दुःखाने नाही, संतापाने. ‘जाऊ नको’ म्हणाले असते तर मी कडाकडा भांडले असते, बॅग उचलली असती आणि गेले असते. ‘जाय’ म्हणणाऱ्या माणसाला सोडून कसं जायचं? त्यांनी मला राग धरायलासुद्धा जागा ठेवली नाही. येत नाही म्हणून मी कंपनीला तिथूनच मेसेज केला. समोरून नुसता अंगठा आला.

तेव्हापासून दुकान मी बघते. सकाळी शटर वर, थेंब, पासपोर्ट फोटो, थेंब, कुणाचा साखरपुडा, थेंब, शटर खाली. बाबा काउंटरवर बसतात. काम का सोडलं म्हणून कोणी विचारलं की बटणाची कहाणी सुरू होते. डोळ्यांचं नाव त्यांनी गावात अजून घेतलेलं नाही. म्हणून त्यांच्यासमोर मी ते बटण दाबत नाही. अंदाजाने भोक लहान ठेवते आणि नंतर गुपचूप स्क्रीन बघते. पलंगाखालच्या बॅगेत आता हिवाळ्याची पांघरुणं आहेत.

यंदाही आम्ही रिठदला गेलो. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून हेडसरांना तेच सांगत होते. मी पोरं उभी केली. पोरं खूप होती, या खेपेला रांगा चार झाल्या आणि अंदाज काही बसेना. बाबा बोलण्यात गुंतलेत असं बघून मी हळूच बटण दाबलं.

टक.

व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. तो एवढासा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. मी डोळा काढला नाही. समोर अंधार होता आणि पाठीमागून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, पहिल्यांदा शिकवताना होता तसा.

“थांब जराशी. घाई नको करू. आली का मांगची रांग?”

मागच्या मुली आल्या होत्या. हसत होत्या. चार महिन्यांनी कोणी वाशीमला जाणार होती, कोणी अकोल्याला, एखादी पुण्यालाही.

“आली, बाबा.”

“अरे, बटण तर बिघडलं होतं ना?” हेडसरांनी विचारलं.

“बिघडलंच हाय, सर,” बाबा म्हणाले. “पण माह्यं काही अडत नाही. पोरगी हाय ना इथंच.”

मी पोरांना हलू नका म्हणाले आणि फोटो काढला.